सिगारेट सुटल्यानंतरची भूक

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की सिगारेट सोडल्यापासून जेवून उठले तरी पोट भरल्यासारखे वाटत नाही, सगळ्या पँटी कमरेला घट्ट होऊ लागल्या आहेत आणि यापेक्षा दिवसाकाठी एखादी ओढलेली परवडली. आई, तुझी तक्रार अशी की फरसाणाचा डबा सतत यांच्या हाताशी असतो आणि तो उचलून ठेवला की घरात वाद होतो. दोघांचेही बोलणे अर्धवट राहिले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. ही भूक खरी आहे, तिला कारण आहे आणि ती काही महिन्यांत ओसरते. तोवर तिला उपाशी ठेवायचे नाही, वेळच्या वेळी नीट खाऊ घालायचे, एवढेच मला सांगायचे आहे.

मेंदूच्या ज्या भागातून भूक आणि तृप्ती यांचे नियंत्रण होते, तेथील भूक आवरणाऱ्या पेशींना निकोटीन चेतवते. बाबा, इतकी वर्षे सकाळच्या चहाबरोबर सिगारेट झाली की तुम्हाला दुपारपर्यंत खाण्याची आठवण होत नसे, ती यामुळेच. शिवाय धूम्रपानाने शरीराचा ऊर्जेचा खर्चही वाढतो. दिवसाला साधारण २०० कॅलरी, म्हणजे तूप लावलेल्या जवळजवळ दोन पोळ्यांइतकी ऊर्जा, त्यात जास्तीची जळते. आता भूक दाबणारे काही उरले नाही आणि तो जास्तीचा खर्चही थांबला, त्यामुळे पूर्वीइतकेच जेवलात तरी वजन थोडे चढणारच. सिगारेट सोडणाऱ्यांचे वजन पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वाढते आणि त्यातील बरेचसे पहिल्या तीन महिन्यांतच वाढते, हे ठाऊक असले म्हणजे वजनकाट्यावरचा आकडा पाहून धीर सुटणार नाही. एक वर्ष धूम्रपानाविना गेले की हृदयविकाराचा वाढलेला धोका सुमारे निम्म्यावर येतो, आणि हा लाभ त्या चार-पाच किलोंनी पुसला जात नाही. म्हणून वजनासाठी पुन्हा सिगारेटकडे वळण्याचा विचार कृपा करून मनातून काढून टाका.

आई, आमटी खारट झाली असे बाबा हल्ली म्हणतात याचे तुला वाईट वाटले, पण मला ते ऐकून फार आनंद झाला. वर्षानुवर्षे ताटात वरून मीठ घेणाऱ्या माणसाला आमटीतले मीठ जाणवू लागले, म्हणजे त्यांची जीभ आणि नाक पुन्हा काम करू लागले आहेत. अन्न अधिक चविष्ट लागते, म्हणून ते अधिक खावेसे वाटते. तेव्हा सगळ्याच पदार्थांत मीठ थोडे कमी घालत जा. बाबांच्या रक्तदाबासाठीही ते हिताचे आहे.

बाबा, आता तुमच्या दिवसाकडे वळते. न्याहारी चुकवू नका, कारण सकाळचे टाळलेले खाणे अकरा वाजता फरसाणाच्या रूपाने परत येते. मोड आलेल्या मटकीची उसळ, नाचणीचे आंबील, भाज्या घातलेले थालीपीठ किंवा उकडलेले अंडे, यांपैकी काहीही चालेल; प्रथिने आणि चोथा असला की पोट बराच वेळ भरलेले राहते. जेवणाला ज्वारीची भाकरी आणि वाटीभर कोशिंबीर असावी. सिगारेट सुटल्यावर बद्धकोष्ठाचाही त्रास होतो, त्यावरही याचा आणि भरपूर पाण्याचा उपयोग होईल.

अवघड वेळ संध्याकाळच्या चहाची आणि जेवणानंतरची. जी ओढ अचानक येते आणि काहीतरी गोड किंवा कुरकुरीतच हवे असा हट्ट धरते, ती बहुतेक वेळा भूक नसून सिगारेटची तलफ असते; निकोटीनने मेंदूला जे समाधान मिळत असे, तेच तो गोडात आणि तळलेल्यात शोधतो. अशी तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात पाणी प्या, झाडांना पाणी घाला, खाली जाऊन या. त्यानंतरही पोट मागत असेल तर ती भूक समजून निःशंक खा. फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, काकडी, पेरू, ग्लासभर ताक. जेवण झाले की पानावरून उठून सरळ चपला घाला आणि दोघे मिळून शतपावलीला निघा, कारण त्या वेळी खुर्चीवर बसणे म्हणजे हाताला जुनी सवय आठवून देणे आहे.

चहाबद्दल एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतील कॅफीनचा निचरा लवकर करते; धूर थांबला की तोच चहा शरीरात अधिक वेळ टिकतो. छातीत धडधडणे, रात्री झोप न लागणे, उगाच चिडचिड होणे हे सगळे तुम्ही सिगारेटच्या खात्यावर मांडता, पण त्यातले काही पाच कप चहाचेही असेल. कप अर्धा करा आणि संध्याकाळनंतरचा चहा बंद ठेवा.

तोंडात काही हवे म्हणून सुपारी मात्र धरू नका, ती तंबाखूविनाही कर्करोगकारक आहे. जेष्ठमधाची कांडीही तुम्हाला चालणार नाही, कारण त्याने रक्तदाब वाढतो. बडीशेप, लवंग, ओवा खुशाल चघळा. डॉक्टरांना विचारून निकोटीनची २ मिलिग्रॅमची चावायची गोळी (निकोटीन गम) घेता येईल. ती साध्या च्युइंगगमसारखी सतत चावायची नसते, थोडी चावून गालात धरून ठेवायची असते आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा घ्यायचा नसतो. तिने तलफ आटोक्यात राहते आणि वजनवाढही काहीशी लांबते. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडणाऱ्यांना विनामूल्य सल्ला मिळतो, तेथेही जरूर बोला.

आई, तुला एकच विनंती आहे. त्यांनी किती लाडू खाल्ले हे मोजू नकोस आणि डब्याला कुलूपही लावू नकोस. टोकणे ऐकून माणूस चोरून खातो आणि ओशाळला की चोरून ओढतोही. त्याऐवजी फरसाण घरात आणणे काही महिने थांबव आणि फुटाण्यांचा डबा समोर ठेव. चिडचिड तुझ्यावर निघते हे मी जाणते, आणि त्याचा भार तू एकटीने सोसू नयेस असे मला मनापासून वाटते. कंटाळलीस की मला फोन करत जा.

बाबा, तुमची साखर गेल्या तपासणीत काठावर होती. सिगारेट सोडल्यावर वजन बरेच वाढले तर पुढील काही वर्षे मधुमेहाचा धोका वाढू शकतो, म्हणून येत्या आठवड्यात उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांच्या सरासरीची, अशा दोन्ही तपासण्या करून घ्या आणि अहवाल मला पाठवा. वजन रोज न पाहता दर रविवारी सकाळी एकदाच पाहा. रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील तर कळवा, म्हणजे मी येताना घेऊन येईन.

तुमची लेक