दत्तक घेऊ पाहणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तरास उशीर झाला, कारण तू एकाच पत्रात दोन निरनिराळी प्रकरणे गुंतवून ठेवली आहेस आणि दोहोंसाठी मिळून ‘एखादा चांगला वकील सुचव’ एवढेच लिहून मोकळा झाला आहेस. वहिनींच्या पहिल्या विवाहातील मुलीला तुला कायद्याने आपली मुलगी करून घ्यायचे आहे. शिवाय तुम्हा दोघांना एक तान्हे बाळही दत्तक घ्यायचे आहे. उद्या घरात ही दोघे सख्ख्या भावंडांसारखी वाढतील, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांचे तुमच्या घरात येण्याचे दरवाजे वेगळे आहेत आणि एका दरवाजाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. तू राहतोस तिथला कायदा तुझा तिथला वकील सांगेलच. त्याच्यापुढे बसताना काय विचारायचे, एवढेच मी लिहितो.

मुलीविषयी तुझ्या पत्रात अवघ्या दोन ओळी आहेत. ‘ती मला बाबाच म्हणते, त्यामुळे ते काम केवळ औपचारिक आहे,’ असे तू लिहितोस. माझ्या मते दोन्हींत अवघड काम तेच आहे. बहुतेक देशांत सावत्र पालकाने मूल दत्तक घेतले की आईशी असलेले नाते तसेच राहते, पण जन्मदात्या वडिलांशी असलेले कायदेशीर नाते संपते. नुसते आडनाव बदलत नाही. त्या वडिलांकडून मिळू शकणारा निर्वाहखर्च थांबतो, त्यांच्या मालमत्तेतील वारसाहक्काचा प्रश्न उभा राहतो, आणि त्या बाजूच्या आजी-आजोबांचे भेटीचे हक्कही बऱ्याच ठिकाणी त्याबरोबर जातात. मुलगी दर सुट्टीत त्या आजीकडे जाते, असे तूच मागे लिहिले होतेस. तिची आणि आजीची भेट उद्या केवळ तुम्हा दोघांच्या मर्जीवर राहावी, असे तुला खरोखर वाटते का? वाटत नसेल, तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांग, कारण त्याप्रमाणे मार्ग बदलतो. फ्रान्समध्ये १९६६ च्या कायद्यापासून दत्तकाचे दोन प्रकार आहेत : पूर्ण दत्तक जुने नाते तोडते आणि रद्द करता येत नाही, तर साध्या दत्तकात जुने नाते राहून नवे त्यात मिळवले जाते. इंग्लंडमध्ये आईशी विवाह केलेल्या सावत्र वडिलांना, मुलाच्या पालकत्वाचा अधिकार असलेल्या जन्मदात्यांशी लेखी करार करून, दत्तक न घेताही पालकत्वाची जबाबदारी मिळवता येते. म्हणून माझा आग्रह असा, की वकिलाला ‘दत्तक कसे घ्यायचे’ हे विचारण्याआधी ‘मला जे हवे आहे ते दत्तक न घेता साधते का’ हे विचार. या प्रश्नाने त्रासणाऱ्या वकिलाकडे दुसऱ्यांदा जाऊ नकोस.

मग संमती. मुलीचे वडील चार वर्षे फिरकले नाहीत, त्यामुळे त्यांना विचारण्याचे कारण नाही, हे तुझे म्हणणे मला मान्य नाही. न फिरकणे वेगळे आणि पालक म्हणून हक्क गमावणे वेगळे. संमतीशिवाय पुढे जाता येते असे मानले, तरी ते ठरवण्याचा अधिकार तुझा नाही, न्यायालयाचा आहे, आणि न्यायालय आधी हेच विचारते की त्या माणसाला नोटीस पोहोचली का. अमेरिकेत अविवाहित बापाला सुनावणीही न देता त्याची मुले सरकारी ताब्यात घेतली गेली होती. १९७२ मध्ये स्टॅनली विरुद्ध इलिनॉय या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. त्या निकालापासून तिथला प्रत्येक दत्तकवकील बापाचा पत्ता शोधण्यात दिवस घालवतो, आणि ते दिवस वाया जात नाहीत. पत्ता सापडला नाही, तर शोध कसा आणि कुठे घेतला, याचे शपथपत्र लागते. ‘आमच्यात बोलणे नाही’ हे वाक्य त्या शपथपत्रात लिहिता येत नाही.

मुलीची स्वतःची संमतीही विसरू नकोस. युरोपीय देशांच्या २००८ च्या सुधारित दत्तक करारानुसार, समज असलेल्या मुलाची संमती आवश्यक आहे, आणि त्यासाठी एखाद्या देशाला वयाची अट घालायची असेल, तर ती १४ वर्षांच्या वर नेता येत नाही. तुझी मुलगी आता बारा वर्षांची आहे. न्यायाधीश तिला तुमच्या गैरहजेरीत विचारू शकतील, तेव्हा तिने काय उत्तर द्यावे हे तिला शिकवू नका. दत्तकानंतर काय बदलेल आणि काय बदलणार नाही, एवढे तिला खरे खरे सांगा.

आता बाळाविषयी. तुम्हाला कोणत्या मार्गाने जायचे आहे, हे तुझ्या पत्रावरून समजले नाही, आणि तुमचेही अजून ठरलेले नसावे. मान्यताप्राप्त संस्थेतून बाळ येत असेल, तर त्याची कायदेशीर मोकळीक, म्हणजे जन्मदात्यांचे हक्क रीतसर संपल्याची नोंद, ही संस्थेची जबाबदारी असते. तुमच्या वकिलाने ती कागदपत्रे मूळ स्वरूपात पाहायची असतात, संस्थेच्या शब्दावर राहायचे नसते. सरकारी देखरेखीखालील मूल आधी फॉस्टर (तात्पुरते) पालक म्हणून सांभाळायचे आणि मग दत्तक घ्यायचे, असाही मार्ग अनेक देशांत आहे. त्यात मूल घरात आले तरी ते तुमचे झालेले नसते, कारण त्याला जन्मघरी परत पाठवण्याचे प्रयत्न समांतर सुरू असतात. अमेरिकेत १९९७ च्या कायद्याने याला मर्यादा घातली : शेवटच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल देखरेखीत असेल, तर काही अपवाद वगळता राज्याने जन्मदात्यांचे हक्क संपवण्यासाठी अर्ज करायचा असतो. या मार्गाने जाणाऱ्याला वकिलापेक्षाही धीर जास्त लागतो. नात्यातले मूल घ्यायचे तर कागद थोडे असतात आणि रुसवे पुष्कळ.

देशानुसार किती फरक पडतो, ते पाहा. भारतात १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली मूल देण्या-घेण्याच्या प्रत्यक्ष कृतीने दत्तक होते आणि दत्तकपत्र नोंदवले तर ते पुराव्याला बळ देते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखालील दत्तकाचा आदेश मात्र पूर्वी न्यायालय देत असे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे गेला. एकाच देशात दोन वाटा आणि दोन प्रकारचे कागद! जपानमध्ये जुन्या घराशी नाते तोडणारे ‘विशेष दत्तक’ पूर्वी सहा वर्षांखालील मुलांपुरते होते. २०२० पासून ती मर्यादा साधारणपणे पंधरा वर्षांखाली अशी झाली. तेव्हा ‘अमक्याने असेच केले’ हे ऐकून निर्णय घेऊ नकोस. अमक्याने ते कुठे केले आणि कोणत्या साली, ते आधी विचार.

परदेशातून मूल आणण्याचा विचार वहिनींच्या मनात आहे, असे दिसते. त्यासाठी देशादेशांतील दत्तकाविषयीचा २९ मे १९९३ चा हेग करार मुळातून वाचणारा वकील हवा. शंभराहून अधिक देश त्यात आहेत. त्या करारानुसार, मूल ज्या देशात आहे तिथे आधी त्याला आपल्याच देशात कुटुंब मिळते का, हे पाहावे लागते. दोन्ही देशांच्या मध्यवर्ती प्राधिकरणांनी होकार दिल्याशिवाय मूल सोपवता येत नाही. आणि नात्यातले प्रकरण वगळता, ठरावीक अटी पूर्ण होण्यापूर्वी होऊ घातलेल्या पालकांनी मुलाच्या जन्मदात्यांना भेटायचेही नसते. ही शेवटची अट लोकांना कठोर वाटते. मला ती साऱ्या करारातली सर्वांत माणुसकीची वाटते, कारण ज्याच्या हाती पैसा आहे तो ज्याच्या हाती मूल आहे त्याच्यासमोर बसला, की संमती आणि सौदा यांतली रेघ पुसट होते. ही भीती काल्पनिक नाही. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने २०२५ मध्ये मान्य केले, की तिथून परदेशी पाठवलेल्या मुलांच्या कागदपत्रांत खोट्या नोंदी झाल्या होत्या आणि आईबाप हयात असलेली मुलेही अनाथ म्हणून दाखवली गेली होती. दारे अचानक बंदही होतात : चीनने २०२४ मध्ये, नात्यातल्या काही प्रकरणांखेरीज, परदेशी पालकांना मुले देणे थांबवले.

शिवाय दत्तकाचा आदेश आणि नागरिकत्व या दोन गोष्टी आहेत. अमेरिकेत परदेशातून आणलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा २००० साली झाला, पण तो अमलात आला त्या दिवशी ज्यांनी अठरावे वर्ष ओलांडले होते, त्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. लहानपणी आणलेली, तीच भाषा बोलत मोठी झालेली काही माणसे पुढे परकी ठरून देशाबाहेर पाठवली गेली. त्यांच्या पालकांनी एक अर्ज भरला नव्हता, एवढेच कारण. आदेश हाती पडल्यावर तुझ्या वकिलाचे काम संपले असे तो म्हणाला, तर नागरिकत्वाचा कागद कोण करणार, हे तेव्हाच विचार.

आता तुझ्या पत्रातल्या त्या गृहस्थांविषयी, ज्यांच्या ओळखीत एक गर्भवती तरुणी आहे आणि जे ‘बाळंतपण झाले की आठ दिवसांत सगळे कागद करून देतो’ म्हणाले. यासाठी मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, जी मी तुलाही आजवर सांगितलेली नाही. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी एका जोडप्याचे असेच थेट, म्हणजे मध्ये संस्था नसलेल्या, दत्तकाचे प्रकरण घेतले होते. बाळाच्या आईची सही मी स्वतः घेतली, प्रसूतीच्या दुसऱ्या दिवशी, ती पलंगावर पडलेली असताना. कागद तिला वाचून दाखवला, तिने मान हलवली, साक्षीदार होते, सारे नियमाप्रमाणे झाले असे मला वाटले. पाच महिन्यांनी तिने न्यायालयात सांगितले की त्या दिवशी तिच्याशी बोललेला एकमेव वकील बाळ नेणाऱ्यांचा होता. ते खरे होते. न्यायालयाने संमती अमान्य ठरवली. बाळाला परत नेताना माझ्या पक्षकार बाईंनी त्याच्या झोपेच्या वेळा एका कागदावर लिहून दिल्या होत्या; तो कागद पोहोचवण्याचे काम माझ्याकडे आले. त्या प्रकरणात दोन आया रडल्या, आणि दोघींच्याही रडण्याला माझी घाई कारण होती.

तेव्हापासून मी हे शिकलो, की दत्तकाचे प्रकरण आपल्या वकिलाच्या हुशारीवर टिकत नाही, समोरच्या माणसाच्या मोकळ्या मनाने केलेल्या सहीवर टिकते. म्हणून कायदे त्या सहीला वेळ देतात. हेग करारात आईची संमती बाळाच्या जन्मानंतरचीच चालते. इंग्लंडमध्ये बाळ सहा आठवड्यांचे होईपर्यंत आईने दिलेली संमती कायद्याने ग्राह्य नाही. फ्रान्समध्ये संमती दिल्यावर ती दोन महिन्यांत मागे घेता येते. अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातींच्या मुलांसाठीच्या १९७८ च्या कायद्याखाली जन्मानंतरच्या दहा दिवसांतली संमती चालत नाही, आणि नंतरचीही लेखी असून न्यायाधीशासमोर दिलेली असावी लागते. आता या अवधींशेजारी त्या गृहस्थांचे ‘आठ दिवस’ ठेवून पाहा.

हाच मार्ग तुम्ही निवडलात, आणि तुमच्या देशात तो कायदेशीर असला, तर त्या तरुणीला तिचा स्वतःचा वेगळा वकील असू दे. त्याची फी देण्याची मुभा कायद्यात असेल, तर ती न्यायालयाला कळवून द्या, आणि तो वकील तिला ‘बाळ देऊ नकोस’ असा सल्ला देण्यास मोकळा असू दे. तो तसे सांगेल आणि ती ऐकेल, अशी धास्ती तुला वाटणे स्वाभाविक आहे. पण तिने नाही म्हणायचेच असेल, तर ते सही करण्याआधी म्हणावे, यातच तुमचेही हित आहे. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती ठेव. हेग करारही खर्च आणि वाजवी व्यावसायिक फी एवढेच देऊ देतो. बाळ हाती आले तरच फी, अशी अट घालणारा वकील नको, आणि दोन्ही बाजू मीच सांभाळतो म्हणणारा तर मुळीच नको. एकेकाळी मी तोच होतो.

तुझ्या वकिलाची निवड होईपर्यंत एवढे कर. मुलीचा जन्मदाखला, वहिनींच्या घटस्फोटाचा हुकूमनामा आणि त्यातील ताबा व भेटीविषयीचा भाग यांच्या प्रती मला पाठव. भेटीचा भाग मी आधी वाचीन, कारण त्या आजीचे नाव त्यात असण्याची शक्यता आहे. त्या गृहस्थांना मात्र अद्याप काही कळवू नकोस आणि कोणतीही रक्कम देऊ नकोस. त्या तरुणीला कुणीतरी तिच्या बाजूचे आहे का, एवढे वहिनींकरवी हळुवारपणे काढता आले, तर मला लिही.

वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझा,
जुना वर्गमित्र