पकिप्सीची माणसं: बाळ्याला पत्र

प्रिय बाळ्या,

आनंदीबाई जोशींची समाधी तुमच्याकडे आहे म्हणतात ते खरं का, असं तू विचारलं होतंस, आणि खरं असेल तर वर्गातल्या पोरींना वाचून दाखवायला काहीतरी लिहून पाठव म्हणालास. खरंय रे. पण नुसतं ‘हो, आहे’ लिहून माझं समाधान होईना, कारण हे गावच असं आहे की एकाबद्दल सांगायला घेतलं की अजून चार माणसं मध्ये येऊन उभी राहतात. तेव्हा पत्र लांबणार, चहा घेऊन बस.

गावाचं नाव पकिप्सी. न्यूयॉर्कपासून उत्तरेला साधारण १२० किलोमीटर, हडसन नदीच्या काठावर, वस्ती ३२ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव धर. १७८८ साली न्यूयॉर्क राज्याने अमेरिकेच्या घटनेला मंजुरी दिली ती इथल्या कोर्टात बसून, पण ते पोरींना कुठेही वाचायला मिळेल. मला सांगायचंय ते मॅथ्यू व्हॅसरपासून.

हा माणूस मूळचा इंग्लंडचा, जन्म १७९२, चार वर्षांचा असताना आईबापांबरोबर अमेरिकेत आला. बाप बिअर बनवायचा. चौदाव्या वर्षी बापाने त्याला कातडी कमावणाऱ्याकडे कामाला लावायचं ठरवलं आणि पोराला ते अजिबात नको होतं, तर त्याच्या आईने काय करावं? तिने त्याला गुपचूप नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीपर्यंत नेऊन सोडलं, हातावर ७५ सेंट ठेवले आणि जा म्हणाली. त्या बाईबद्दल कुठे फार लिहिलेलं नाही पण मला ती फार मोठी वाटते. पुढे काही वर्षांनी पोरगा चार पैसे गाठीला बांधून परत आला. मग १८११ साली बापाची ब्रुअरी जळाली, आणि आगीनंतर काही शिल्लक आहे का बघायला त्याचा थोरला भाऊ पिंपात उतरला तो आतल्या वायूने गुदमरून गेला. बापाने हाय खाल्ली. मॅथ्यू तेव्हा जेमतेम १९ वर्षांचा, त्याने एका रंगाऱ्याच्या जागेत थोडी थोडी बिअर काढायला सुरुवात केली, दिवसा स्वतः गावभर फिरून विकायची आणि संध्याकाळी कोर्टाच्या तळघरात कालवं विकायची. त्यातून गावातला सगळ्यात श्रीमंत माणूस झाला.

मूलबाळ नव्हतं. पैशाचं काय करायचं तर आधी त्याच्या मनात हॉस्पिटल होतं. पण त्याची एक भाची होती लिडिया बूथ, ती मुलींची शाळा चालवायची, तिने मुलींच्या शिक्षणाचं त्याच्या डोक्यात घातलं आणि पुढे मायलो ज्युएट नावाच्या मास्तरांनी ते पक्कं केलं. १८६१ मध्ये त्याने ४ लाख ८ हजार डॉलर आणि २०० एकर जमीन देऊन टाकली, मुलांच्या कॉलेजांत जे शिकवतात तेच सगळं मुलींना शिकवणारं कॉलेज काढायला. त्या वेळी असं शिक्षण बाईच्या तब्येतीला झेपत नाही असं डॉक्टरसुद्धा म्हणत होते. कॉलेज १८६५ च्या सप्टेंबरात सुरू झालं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये तुझ्या कल्याणात यमुना जोशी, म्हणजे आपली आनंदी, जन्मली. हे वर्गात नक्की सांग, पोरींच्या लक्षात राहील.

व्हॅसर गेला तोही कॉलेजच्याच कामात. २३ जून १८६८, ट्रस्टींच्या बैठकीत निरोपाचं भाषण वाचत होता, अकराव्या पानावर आला आणि तिथेच कोसळला.

आता मारिया मिचेल. ही माझी सगळ्यात आवडती, त्यामुळे जरा जास्त लिहिणार. नॅन्टकेट नावाच्या बेटावरची बाई, वडील बँकेत नोकरीला आणि घरही बँकेच्याच इमारतीत, तर गच्चीवर दुर्बीण लावून बाप-लेक आकाश बघत बसायचे. दिवसा ती लायब्ररीत काम करायची. १ ऑक्टोबर १८४७ ला रात्री तिने एक धूमकेतू पकडला जो तोवर कुणी नोंदवला नव्हता, आणि त्यासाठी डेन्मार्कच्या राजाचं सोन्याचं पदक मिळालं. व्हॅसर कॉलेजने तिला प्रोफेसर म्हणून बोलावलं तेव्हा ती स्वतः कधी कॉलेजात गेलेली नव्हती! तिच्यासाठी वेधशाळा बांधली, कॉलेजच्या आवारात सगळ्यात आधी पुरी झालेली इमारत तीच, आणि ती आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन तिथेच राहायला आली. दुर्बिणीखालीच घर.

तू मास्तर आहेस म्हणून सांगतो, तिला मार्क द्यायला आवडायचं नाही. बुद्धी आकड्यात कशी मांडणार हा तिचा प्रश्न होता, आणि हजेरीचीही तिला पर्वा नव्हती. रात्री मुलींना उठवून आकाश दाखवायची, स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मोजा, लिहा. वर्षातून एकदा घुमटाखाली पार्टी असायची, प्रत्येक मुलीवर चार ओळींची कविता करायची. पगार मात्र पुरुष प्रोफेसरांपेक्षा बराच कमी होता, तर तिने आणि कॉलेजच्या डॉक्टर अलायडा एव्हरी यांनी मिळून ट्रस्टींकडे लेखी तक्रार केली आणि पगार वाढवून घेतला. बायकांचं कॉलेज काढलं तरी बायकांना पगार देताना हात आखडलाच की, हे पोरींपासून लपवू नकोस, सांग.

१८७८ च्या जुलैत खग्रास सूर्यग्रहण होतं, ते बघायला ती जुन्या विद्यार्थिनींना घेऊन थेट डेन्व्हरला गेली. वाटेत दोन रेल्वे कंपन्यांच्या भांडणात सामान अडकून पडलं, त्यात दुर्बिणींची भिंगं, आणि ग्रहण काय कुणासाठी थांबणार आहे? शेवटी सामान मिळालं आणि गावाबाहेरच्या टेकडीवर दुर्बिणी लावून त्या बायकांनी ग्रहण पाहिलं, नोंदी घेतल्या. तेव्हा ती साठीची होती. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली पुढे खरोखर शास्त्रज्ञ झाल्या, एलन स्वॉलो त्यातलीच, एमआयटीत प्रवेश मिळालेली पहिली बाई.

सॅम्युअल मोर्स पण इथलाच, तोच तारवाला. त्याने १८४७ मध्ये नदीकाठी लोकस्ट ग्रोव्ह ही जागा घेतली, बंगला अजून आहे, आत जाऊन बघता येतो. मूळचा चित्रकार. १८२५ मध्ये वॉशिंग्टनला एक चित्र काढायच्या कामावर होता, इकडे बायको वारली, आणि पत्र पोचून तो घरी येईस्तोवर तिचं दफनही झालेलं. हे वाचलं की मला त्याच्या टेलिग्राफकडे वेगळ्या नजरेने बघावंसं वाटतं. व्हॅसर कॉलेजच्या पहिल्या ट्रस्टींमध्येही तो होता. पण बाळ्या, हाच माणूस गुलामगिरीची बाजू घ्यायचा, त्यासाठी त्याने पत्रकं छापली, आणि मला ते त्याला माफ करता येत नाही. कारण याच गावात १८५१ मध्ये जॉन बोल्डिंग नावाच्या शिंप्याला दुकानातून उचलून नेलं. दक्षिणेतून पळून आलेला गुलाम, इथे नाव कमावून राहिलेला, पण कायद्याने मालकाचा हक्क, म्हणून सरकारी माणसंच त्याला पकडून परत घेऊन गेली. मग गावातल्या लोकांनी वर्गणी काढली, मालकाला पैसे मोजून त्याला सोडवलं आणि परत पकिप्सीत आणलं. नामवंतांच्या यादीत मोर्स नेहमी वरती असतो. मला विचारशील तर ती वर्गणी देणारे लोक, ज्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत, तेच या गावाचे खरे नामवंत.

खोकल्याच्या गोळ्यावाले स्मिथ ब्रदर्सही इथलेच, विल्यम आणि अँड्र्यू. वडलांचं खाण्याचं दुकान, त्यात गोळ्या बनायला लागल्या, मग नकली माल इतका आला की पाकिटावर दोघा भावांचे दाढीवाले चेहरे छापले, एका चेहऱ्याखाली ‘ट्रेड’ आणि दुसऱ्याखाली ‘मार्क’, आणि लोकांना जन्मभर तीच त्यांची नावं वाटली. पोरींना हे आवडेल.

आता तुझ्या प्रश्नाकडे. आनंदी पकिप्सीत राहिली नव्हती, ते नीट सांग, नाहीतर गोंधळ होईल. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांना लिहिलं होतं, उत्तर आलं की ख्रिस्ती व्हा मग बघू, आणि तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, तिथे त्यांच्या हाताला ते मासिक लागलं, आणि त्यांनी कधीही न पाहिलेल्या मुलीला पत्र लिहिलं. बास, तिथून सगळं. धर्म बदल म्हणून अट नाही, काही नाही. आनंदी त्यांना मावशी म्हणायला लागली. १८८३ च्या जूनमध्ये ती न्यूयॉर्कला उतरली तेव्हा न्यायला मावशीच आल्या होत्या. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून ती डॉक्टर झाली, त्या सोहळ्याला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात नेमणूकही झाली, पण क्षयाने पोखरलेली पोर, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीसही पूर्ण नव्हती.

तिच्या अस्थी मावशींकडे आल्या आणि त्यांनी पकिप्सीच्या रूरल सेमेटरीत आपल्या घराण्याच्या जागेत त्या ठेवल्या. याच स्मशानभूमीत मॅथ्यू व्हॅसरही आहे, त्याच्या थडग्यावर दगडात कोरलेलं ओकचं फळ आहे. आनंदीच्या दगडावर नाव, पुढे एम.डी., सालं, आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असं इंग्रजीत कोरलंय. जातीचा तो उल्लेख आज मला खटकतो, खरं सांगतो, नावापुढची ती दोन अक्षरं पुरेशी होती. पण मावशींनी तिला परकी म्हणून कोपऱ्यात ठेवलं नाही, घरच्या माणसांत ठेवली, आणि मला प्रत्येक वेळी तिथे उभं राहिल्यावर आनंदीइतकीच मावशींची आठवण येते. वर्गात आनंदीबाई आणि गोपाळराव सांगतोस ना, मावशींनाही तेवढाच वेळ दे. हट्टाने मागतोय असं समज.

दगडाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, प्रिंट काढून वर्गात लाव. आणि पुढच्या वर्षी लेकीला घेऊन येणार म्हणतोयस ते आता पुढे ढकलू नकोस, ती मेडिकलची तयारी करतेय तर तिने हे पाहायलाच हवं. ग्रँड सेंट्रलवरून हडसन लाइनची गाडी पकडायची, पकिप्सी शेवटचं स्टेशन, दोनेक तास लागतात. डाव्या बाजूच्या खिडकीत बसा, नदी त्या बाजूला आहे. स्टेशनवर मी येतो.

काकूंना नमस्कार सांग, वहिनींनाही.

तुझा,
विनू