मोडी शिकायला आलेल्या नवख्यांच्या वतीने, काकूंना

ती. काकूंस,
सादर नमस्कार.

तुम्ही मुलीकडे नागपूरला राहायला गेलात आणि इथे साताऱ्यात, मोडी लिपीतले जुने मराठी कागद वाचणाऱ्या आपल्या गटात, तुमचा सत्कार करायचा विषय निघाला. शाल-श्रीफळ तुम्ही घेणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. म्हणून हे पत्र. आणि ते मुद्दाम उघडपणे लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत ते दुसऱ्या गावांतल्या मोडी शिकणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्याही उपयोगी पडेल, अशी माझी खात्री आहे.

मोडी शिकायला माणसं येत नाहीत, ही तक्रार खरी नाही. माणसं येतात. कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांच्या वेळचं खरेदीखत निघतं, कुणाला जुन्या नोंदींत घराण्याचं नाव शोधायचं असतं, कुणाला इतिहासाची ओढ असते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले किती कागद अजून वाचायचे राहिलेत, हे ऐकून कॉलेजातली मुलंही येतात. मुळाक्षरं गिरवणं थोड्याच दिवसांत होतं. मग पहिला खरा कागद समोर येतो, आणि पुढच्या दोन-तीन रविवारांत तो माणूस दिसेनासा होतो.

याचं कारण तुम्ही आम्हाला नीट दाखवलंत. मुळाक्षरांच्या तक्त्यावरची मोडी आणि कागदावरची मोडी यांत फार अंतर आहे. तक्त्यावर प्रत्येक अक्षर सुटं, आपापल्या चौकटीत. कागदावर कारकुनाने आधी ओळभर आडवी रेघ ओढून घेतलेली, आणि मग हात न उचलता तो लिहीत गेलेला. दोन शब्दांत जागा सोडलेली नाही, वाक्य कुठे संपलं याची खूण नाही. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘र’ तर शेजारचं अक्षर बघून रूप बदलतो. तक्ता पाठ असलेल्या माणसालाही यातली एक ओळ धड लागत नाही, आणि त्याला वाटतं की हे आपल्या डोक्याचं काम नाही. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, संगणकावर मोडी उमटायला लागली, याचा मला फार आनंद आहे. पण छापील अक्षर ओळखता येणं निराळं आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या घाईतल्या माणसाचं हस्ताक्षर लागणं निराळं.

तुम्ही सुरुवात केलीत ती जुन्या कागदांच्या झेरॉक्सच्या पेटीपासून. नवीन माणसाला पेटीतून हाताला येईल तो कागद द्यायचा, अशी आपली रीत होती. तुम्ही सगळी पेटी घरी नेलीत आणि परत आणलीत तेव्हा कागदांच्या चळती निराळ्या झाल्या होत्या. त्या काळाप्रमाणे लावलेल्या नव्हत्या, यावरून जुन्या मंडळींशी तुमची चांगलीच चर्चा झाली. त्यांचं म्हणणं होतं की पेशवेकालीन अक्षर सुबक, गोलाई असलेलं, तेव्हा नवख्याला ते आधी द्यावं. इंग्रजी अमदानीतल्या खतांतलं अक्षर टाकाने भराभर ओढलेलं, ते नंतर. तुमचं म्हणणं उलट होतं. अक्षर वाकडं असलं तरी चालेल, मजकूर ओळखीचा हवा. मला तुमची ही एक गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. वाचणारा नुसत्या अक्षरावर वाचत नसतो, पुढे काय येणार याचा अंदाज बांधत वाचत असतो. अंदाज बांधता येईल असा कागद त्याला आधी मिळायला हवा.

म्हणून तुमच्या पहिल्या चळतीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची खरेदीखतं आणि कर्जरोखे आले. खरेदीखतात चतुःसीमा असतेच. पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस. तुम्ही नवीन माणसाला सांगायचात, वरून वाचू नका, आधी कागदाच्या मध्यावर जा आणि ‘एस’ने संपणारे चार शब्द शोधा. ते सापडले की चार दिशांनी मिळून बरीच अक्षरं खात्रीची होतात, जोडाक्षरंसुद्धा. मग त्याच अक्षरांचा हात धरून वरच्या नावापर्यंत आणि खालच्या साक्षीदारांपर्यंत जायचं.

बारावीत शिकणारी ती मुलगी आठवते ना, घरचं खत घेऊन आली होती? तिला ना विकणाऱ्याचं नाव लागत होतं, ना रक्कम. तुम्ही तिला मध्यावर बोट ठेवायला लावलंत. बराच वेळ ती गप्प होती, आणि मग म्हणाली, “पश्चिमेस ओढा.” त्यांच्या शेताच्या पश्चिमेला आजही ओढा आहे. पुढचं सगळं खत तिने जवळजवळ एकटीने वाचलं. आता तीच रविवारी पहिल्या चळतीवर बसते आणि नवीन आलेल्यांना मध्यावर बोट ठेवायला सांगते.

प्रत्येक झेरॉक्सच्या मागे तुम्ही पेन्सिलीने दोन-चार ओळी लिहिल्यात. त्यांत उत्तर कधीच नव्हतं, फक्त या कागदात शिरायला काय ठाऊक हवं तेवढंच. एका कागदामागे लिहिलं आहे की आकड्यापुढच्या उभ्या रेघांकडे लक्ष द्या: १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. आणि त्याखालीच, त्याच दोन रेघा अक्षरापुढे आल्या तर शब्द आखडलेला आहे असं समजा, मौ॥ म्हणजे मौजे, प॥ म्हणजे परगणे. पुस्तकांत हे सगळं असतं, पण ते शेवटच्या परिशिष्टात. ज्या कागदावर माणूस अडतो त्याच कागदाच्या पाठीवर ते सापडणं ही सोय कुणाला सुचली नव्हती.

पत्रांच्या चळतीवरची तुमची चिठ्ठीही तशीच. जुन्या पत्रांचा वरचा भाग ठरलेला असतो: नमस्कार, येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे, विशेष. नवखा माणूस त्या मायन्यातच दमून जायचा. तुम्ही लिहिलंत, आधी ‘विशेष’ शोधा, कारण खरं काम त्याच्या पुढे आहे. मायना सगळीकडे सारखाच, तो चार पत्रांनंतर आपोआप तोंडात बसतो.

आणि कालगणना! जुन्या कागदांवर साल सांगणाऱ्या सुहूर सनाची भीती घालवणं सोपं नव्हतं. अरबी संख्याशब्द, तेही उलट्या क्रमाने, एकं आधी आणि हजार शेवटी. त्यात हा सन मृगाला सुरू होतो, म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. हे सूत्र सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. तुम्ही सूत्र सांगणं सोडलंत. फळ्यावर लिहिलंत, “इहिदे सितैन मया व अलफ”, आणि शब्दांखाली आकडे: एक, साठ, शंभर, हजार. मग विचारलंत, महिना जानेवारीचा आहे, ६०० मिळवा, काय येतं? १७६१ हा आकडा आला तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाला तो कशाचा हे सांगायची गरज नव्हती. पानिपत. त्या दिवसापासून आमच्यातला कुणी सुहूर सन बघून घाबरलेला मी पाहिला नाही.

हे कागदांचं झालं. माणसांशी तुम्ही जे केलंत ते मला लिहून सांगणं अवघड जातं, तरी प्रयत्न करते. नवीन माणूस वाचत असताना जाणत्यांनी तोंड उघडायचं नाही, हा नियम तुम्ही केलात आणि सर्वांत आधी स्वतः पाळलात. आपल्यातले दोन-तीन जण फार तयार आहेत, त्यांना अर्धी ओळ दिसली की पुढचं ओठांवर येतं. प्रेमानेच सांगायचे ते, पण समोरच्याची संधी जायची. तुम्ही त्यांना राग येऊ न देता थांबवलंत. जाणत्याने उत्तराऐवजी फक्त एवढंच सांगायचं, की हेच अक्षर या कागदात आणखी कुठे आलं आहे. माझ्या मते याहून चांगली मदत मोडी शिकणाऱ्याला करता येत नाही.

अडलेल्या शब्दांची वहीही तुम्हीच सुरू केलीत. ज्याला जो शब्द अडला त्याने तो जसा दिसतो तसा वहीत काढायचा. शेजारी कागदाचा क्रमांक आणि ओळ. वाचन लागलं की लाल शाईने बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. कोणाला अडला हे लिहायचं नाही, असं तुम्ही पहिल्याच पानावर बजावलंत. त्यामुळे त्या वहीत पहिल्या रविवारी आलेल्याचे शब्द आहेत आणि वर्षानुवर्षं मोडी वाचणाऱ्यांचेही, आणि कुठला कोणाचा हे कळत नाही. नवीन माणूस ती वही चाळतो आणि निवांत होतो. वीस जणांना हाच ‘सदरहू’ अडला होता, तर मला अडला त्यात काय, असं एका निवृत्त गृहस्थांनी मला सांगितलं. ते आता एकही रविवार चुकवत नाहीत.

काकू, तुमचे मनापासून आभार. तुम्ही पेटी लावली नसती तर माझ्यासारख्या कित्येकांनी मोडीला लांबूनच नमस्कार केला असता. माझ्या घरचे कागद मी स्वतः वाचले, माझ्या आईला वाचून दाखवले, तिच्या आजीचं नाव तिने पहिल्यांदा कागदावरून ऐकलं. याचं ऋण मी नेमक्या कोणत्या शब्दांत मानू?

पेटी आम्ही तुमच्या क्रमानेच ठेवली आहे. नवे कागद आले की कुठल्या चळतीत जातील यावर आता आमची चर्चा होते. वाईकडून आलेलं एक पत्र सध्या कुठेच बसत नाही. मायना ओळखीचा आहे, ‘विशेष’ही सापडलं, पण तिसऱ्या ओळीतला एक शब्द कुणालाच लागलेला नाही. वहीत तो तिघांनी तीन तऱ्हांनी काढला आहे. त्या पत्राची झेरॉक्स वेगळ्या टपालाने पाठवते आहे. उत्तर सांगू नका. पत्रात तसंच अक्षर आणखी कुठे आलं आहे, तेवढं कळवा.

तुमची,
रविवारच्या गटातली एक विद्यार्थिनी