लहान कारखान्याला आधी सेन्सर द्या

महोदय,

खाद्यपदार्थ आणि पेये बनवणाऱ्या लहान उद्योगांना ‘डिजिटल व्हा’ असा सल्ला उठसूट दिला जातो. दाखवल्या जातात मात्र मोठ्या कारखान्यांच्या महागड्या प्रणाली. दहा-बारा माणसांच्या कारखान्याचं दुखणं वेगळंच असतं.

शीतगृहाच्या तापमानाची वही घ्या. दर दोन तासांनी आकडा लिहायचा असतो; प्रत्यक्षात पाळी संपताना एकाच पेनाने, एका दमात सगळे रकाने भरले जातात. सगळीकडे ४ अंश! रात्री वीज जाऊन तापमान चढलं तरी वहीला पत्ता नसतो. साधा सेन्सर, बॅटरीवर चालणारा स्वस्त मायक्रोकंट्रोलर (सेन्सरचा आकडा वाचून पुढे पाठवणारी छोटी चिप) आणि जुना मोबाइल एवढ्यावर दर मिनिटाची नोंद होते, ५ अंश ओलांडताच संदेशही येतो. सेन्सर मात्र अधूनमधून वितळत्या बर्फात बुडवून शून्य दाखवतो का, हे तपासावं. चुकीचा आकडा दर मिनिटाला मिळून उपयोग काय?

नोंदी साध्या स्प्रेडशीटमध्ये काढून घेता आल्या पाहिजेत, नाहीतर नोंदी साठवणाऱ्या ॲपच्या विक्रेत्याने वर्गणी वाढवली की आपलीच माहिती आपल्याला परकी. उद्योग संघटनांनी चर्चासत्रं जरा कमी करून असे संच महिनाभर वापरून बघायला द्यावेत.

— एक वाचक