बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा,
सप्रेम नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा सांगू काय?" म्हणता आणि पुन्हा गाडीखाली शिरता. म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितोय, कारण आमच्या गाडीवर तुम्ही जे काम केलंत ते खानापूर तालुक्यात, पलीकडं चंदगडात किंवा घाटाखाली गोव्याच्या सत्तरीत डिझेल फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी, चालवणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि उद्यमबागेत ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

बाहेरच्या वाचकांना आमचा मुलूख थोडा सांगायला हवा. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडं निघालं की कणकुंबी लागतं. तिथं माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडं जाते. जरा पश्चिमेला पडलेलं पाणी मात्र म्हादईतून गोव्यात उतरतं. या घाटमाथ्यावर पाऊस नुसता कोसळतो. २०११ साली जाहीर झालेल्या भीमगड अभयारण्यात आणि त्याच्या कडेनं आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोली, देगाव अशी गावं आहेत. जून लागला की नाले भरतात, लाल मातीचा रस्ता जागोजाग खचतो, मोबाईलला रेंज नसते, आणि आजारी माणसाला खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणायची वेळ आजही येते. आम्ही चौघांनी पैसे घालून जुनी महिंद्रा डीआय जीप घेतली ती या कामासाठी. दूध, रेशन, शाळेच्या बाई, आणि वेळ आलीच तर पेशंट.

गाडी तुमच्या दारात उभी केली तेव्हा तुम्ही बॉनेट उघडलं नाहीत. आधी विचारलंत, कुठल्या वाटेनं जाणार, किती वजन भरणार, आणि बंद पडली तर चालत किती लांब यावं लागणार. शेवटचा प्रश्न ऐकून आम्ही सगळेच गप्प झालो होतो. पोरांनी यादी करून आणली होती: विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढून काढायचा रहाट), छतावर लाईटची पट्टी, मोठे टायर, उचललेले पाटे (स्प्रिंगा). तुम्ही यादी नीट वाचलीत, घडी करून खिशात ठेवलीत आणि म्हणालात, "हे नंतर बघूया की. आधी ही गाडी कशाकशानं बंद पडू शकते, ते एकेक काढून टाकूया."

तुमचं सगळं काम या एका वाक्यात आहे. मोठा टायर लावला की गिअरचं गणित बिघडतं, ब्रेक कमी पडतो, एक्सल आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे चाकांकडं ताकद नेणाऱ्या दांड्याच्या सांध्यांवर, ताण वाढतो. विंच लावला की पुढच्या पाट्यांवर कायमचं वजन बसतं. एकेका वस्तूबरोबर बिघडायची एक नवी जागा गाडीत येते, हे तुम्ही न रागावता, टायरशेजारी बसून समजावलंत. विंच लावायचा खर्च वाचला, त्यात पाट्यांचे बुश, यू-बोल्ट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, सगळे होस आणि ब्रेकचे सिलिंडर नवे झाले. फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

तुम्ही सुरुवात डिझेलपासून केलीत. टाकी उतरवून धुतलीत. तळाला निघालेला काळा गाळ आम्हाला बोटानं चोळून बघायला लावलात. डिझेल पंपाला वंगण डिझेलच देतं, त्यात पाणी आलं की पंप आतून झिजतो, आणि आमच्या भागात डिझेल कॅनमधून येतं, कॅन पावसात उघडतो. म्हणून मुख्य फिल्टरच्या आधी पाणी वेगळं करणारा काचेच्या वाटीचा फिल्टर बसवलात. वाटीत पाणी दिसलं की खालचा नळ सोडायचा. पावसाळ्यात टाकी रात्री भरूनच ठेवायची, कारण रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी टाकीतच धरतं. आणि पाईपमध्ये एक वीतभर पारदर्शक तुकडा घातलात. तो कशासाठी, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. त्याबद्दल पुढं लिहितो.

नंतर स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला लागणारी हवा उंचावरून आत घेणारी नळी. पोरांच्या यादीत नसलेली ही एकच बाहेरची वस्तू तुम्ही स्वतःहून लावलीत, आणि लावल्यावर एअर फिल्टरच्या डब्यापासून इंजिनापर्यंतचा प्रत्येक जोड तपासलात. इंजिन चालू ठेवून स्नॉर्केलच्या तोंडावर तळहात दाबलात. इंजिन लगेच गुदमरून बंद पडलं, तेव्हा कुठं समाधानानं मान हलवलीत. बंद पडलं नसतं तर हवा खालून कुठूनतरी आत येत होती, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येतं. पाणी दाबलं जात नाही. डिझेल इंजिन हवा साधारण अठरापट दाबतं, त्या एवढ्याशा जागेत थोडं जरी पाणी शिरलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून नाल्यात इंजिन बंद पडलं तर चावी फिरवायचीच नाही, गाडी ओढून बाहेर काढायची आणि इंजेक्टर काढून आधी पाणी बाहेर टाकायचं, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की आता आमच्या गावातली शाळेची पोरंही ते म्हणून दाखवतात.

आणि त्याच दमात बजावलंत, "स्नॉर्केल लावलं म्हणून गाडीची होडी झाली नाही." वाहतं पाणी दोन फूट असलं तरी ते जड गाडीलाही ढकलून नेतं. आधी काठी घेऊन माणसानं चालत जायचं, पाण्यात माणसाचा पाय ठरत नसेल तर गाडी अलीकडंच थांबवायची. जायचंच ठरलं तर लो गिअरमध्ये, सावकाश, एका चालीनं. मध्ये क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही. पलीकडं पोचल्यावर ब्रेक हलका दाबून थोडं अंतर चालवायचं, म्हणजे ड्रम सुकतात.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते ब्रीदरसाठी. इतकी स्वस्त आणि इतक्या कामाची गोष्ट मी दुसरी पाहिली नाही. एक्सलच्या हाऊसिंगवर वाफ बाहेर जायला एक छोटी टोपी असते, तोच ब्रीदर. गाडी चालून हाऊसिंग तापलेलं असतं. तशीच ती थंड नाल्यात उतरली की आतली हवा एकदम आकसते आणि टोपीतून, ऑईल सीलच्या कडेनं पाणी आत ओढून घेते. बाहेरून काही कळत नाही. काही महिन्यांनी बेअरिंग आवाज करू लागतं, मग क्राऊन-पिनियन, म्हणजे एक्सलमधले मुख्य दातेरी गिअर, जातात, आणि आपण रस्त्याला शिव्या देतो. तुम्ही दोन्ही एक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी), चारही ठिकाणच्या टोप्या काढून तिथं नळ्या जोडल्या आणि त्या फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापर्यंत, उंच नेल्या. जोडायची पितळी निपलं शेजारच्या लेथवर तासून घेतलीत. तपासायचं कसं तेही शिकवलंत: गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी हाऊसिंगचा खालचा बोल्ट जरासा सैल करायचा. पाणी ऑईलपेक्षा जड, ते तळाला बसतं, आधी तेच येतं. ऑईल दुधी दिसलं तर वाट न बघता बदलायचं.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा झडप) काढून टाका म्हणून सांगणारे वाटेत पुष्कळ भेटतात. तुम्ही नवा बसवलात आणि स्पष्ट सांगितलंत की डिझेल इंजिन गार राहिलं तर तेही झिजतं, फक्त त्याची बोंब ऐकू येत नाही. रेडिएटरच्या जाळीतला चिखल मात्र दर आठवड्याला मागून पुढं पाणी मारून काढायचा. वायरिंगमध्ये बॅटरीच्या अर्थिंगच्या पट्ट्या घासून नव्या केल्यात, हेडलाईटला रिले दिलात, बॅटरी पट्टीनं आवळलीत. टायर कंपनीच्याच मापाचे, अरुंद, खोल नक्षीचे, आणि पाचही एकाच मेकचे. चारपैकी एक जरी टायर लहानमोठा असला तर फोर-व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठतो. डांबरावर फोर-व्हील टाकायचं नाही तेही त्याचसाठी, आणि उन्हाळ्यातही अधूनमधून मातीच्या रस्त्यावर थोडं टाकायचं, म्हणजे पुढच्या एक्सलमध्ये वंगण फिरतं. चिखलात हवा वीस पौंडांच्या आसपास उतरवायची आणि डांबराला लागायच्या आधी पंपानं परत भरायची. ओढायचा पट्टा चेसिसला बोल्टनं धरलेल्या हुकातच अडकवायचा, ट्रेलर जोडायच्या मागच्या बॉलला कधीच नाही. तो तुटून उडाला तर माणूस जातो.

नवी गाडी घ्यावी का, असं मी तुम्हाला एकदा विचारलं होतं. तुम्ही नव्या गाड्यांना नावं ठेवली नाहीत. फक्त समजावलंत की १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी धरणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी बराच वेळ गरम चालावी लागते, आणि आमची गाडी दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच असते. आमचं २५२३ सीसीचं इंजिन मेकॅनिकल पंपाचं. स्टॉप सोलेनॉइड (चावी बंद केल्यावर डिझेल तोडणारा विजेचा भाग) सोडला तर एकदा चालू झाल्यावर त्याला वीज लागत नाही. बॅटरी बसली तरी उतारावरून ढकलून चालू होतं. बेळगावहून लांब रोजची फेरी करणाऱ्याला तुम्ही नवी गाडीच सुचवली असती, हे मला माहीत आहे. तुम्ही रस्ता विचारून गाडी सांगता.

आता तो पारदर्शक पाईप. गेल्या पावसाळ्यात आतल्या एका गावाहून बाळंतपणाची बाई घेऊन निघालो होतो. रात्र, पाऊस, बरोबर तिची सासू आणि आशाताई. चढावर इंजिन हेलकावे खाऊ लागलं आणि बंद पडलं. बॅटरीच्या उजेडात बघितलं, तर त्या तुकड्यात बुडबुडे. तुमचं सांगणं आठवलं: टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही, म्हणून त्या बाजूला भोक पडलं तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. ठिबक शोधत बसलो असतो तर रात्र तिथंच गेली असती. पाईप हातानं चाचपत गेलो. चेसिसच्या एका क्लिपशी तो घासून चिरला होता. तेवढा भाग कापला, पेटीतला पाईप आणि दोन क्लिपा लावल्या, फिल्टरवरचा हवेचा बोल्ट सैल केला आणि हातपंप मारत राहिलो, फेसाळ डिझेल थांबून स्वच्छ धार येईपर्यंत. बोल्ट आवळला. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. खानापूरच्या सरकारी दवाखान्यात वेळेत पोचलो, आणि आई आणि मुलगी दोघी बऱ्या आहेत.

मामा, त्या रात्री जे हात चालले ते तुम्ही शिकवलेले होते. गाडी दुरुस्त करून देणारे पुष्कळ आहेत. तुम्ही मला तुमच्या गॅरेजमध्ये अंगणात बसवून माझ्याच गाडीची लाईन मुद्दाम हवा घालून बंद पाडलीत आणि "आता काढ" म्हणालात. एकदा उजेडात, एकदा डोळ्यांवर रुमाल बांधून. आपलं गिऱ्हाईक परत येऊ नये म्हणून इतकी मेहनत घेणारा कारागीर मी पाहिला नव्हता. पेटीही तुम्हीच भरून दिलीत: फॅन बेल्ट, दोन्ही फिल्टर, तांब्याचे वायसर, एक क्रॉस, क्लचच्या सिलिंडरचं किट, होस, क्लिपा, फ्यूज, एम-सील, तार, आणि जॅकखाली घालायला सागवानी फळी, कारण आमच्या मातीत जॅकच खाली जातो. वर दम दिलात की पेटीतली वस्तू वापरली की त्याच आठवड्यात नवी आणून ठेवायची. तसं चालू आहे.

तुम्ही लिहून दिलेली तपासणीची वही आता झेरॉक्स होऊन तीन गावांत गेली आहे. आशाताईंनी त्यातलं नाल्यात उतरण्याचं पान शाळेच्या भिंतीवर लावलं आहे.

मे महिन्यात पावसाआधी गाडी घेऊन येतो. क्लचच्या खालच्या सिलिंडरला ओल दिसते, मागच्या डाव्या पाट्याचा बुश वाजतोय, आणि पुढच्या हबचं ग्रीस बदलायचं आहे. आतल्या गावांतले आणखी दोन गाडीवाले बरोबर येतील. त्यांना ब्रीदरच्या नळ्या स्वतःच्या हातानं बसवायच्या आहेत, तुम्ही फक्त समोर उभं राहावं एवढीच विनंती. पितळी निपलांचं माप पाठवलंत तर ती आधीच करून आणतो. तुमच्याकडं जागा मोकळी असेल तो दिवस कळवा. मामींसाठी घरचे तांदूळ आणि दोन फणस घेऊन येतो. त्याचे पैसे देऊ नका.

तुमचा,
जंगलभागातला गाडीवाला