हात न्हय, पांय चुकला

प्रिय अंकल,

हे पत्र तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवावं लागेल. तुम्ही कोंकणी वाचता ती रोमी लिपीतली, आणि मला मनातलं मराठीतच लिहिता येतं, शाळेपासूनची सवय. उघड पत्र लिहिते आहे, कारण पाकिटात घालून दिलं असतं तर तुम्ही "बरें, बरें" म्हणत खिशात टाकलं असतं आणि पुढच्या धुण्यात त्याचा लगदा झाला असता. शिवाय म्हापशाच्या आसपास माझ्यासारख्या घरात मशीन टाकून उशा-गाद्या शिवणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांनाही कळू दे. नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळली आहे.

आपली गाठ पडली बाजारात, दोरे-बटणांच्या दुकानात. जुलैतला शुक्रवार होता, पाऊस असा कोसळत होता की अर्धा बाजार दुकानांच्या वळचणीला येऊन उभा राहिला होता. माझ्या हातात सुयांचं पाकीट आणि पिशवीत नमुन्याचा एक अभ्रा. आसगावच्या एका होमस्टेची ऑर्डर होती: बाल्कांवातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या, बसायच्या सोप्यांवर ठेवायला १६ इंची ४० उशा, कडेने कुणबी साडीच्या चौकडीचं पायपिंग, म्हणजे आत दोरी घालून शिवलेली गोल किनार, आणि सगळं गणेश चवथीच्या आधी. तुम्ही माझ्या पिशवीतून तो अभ्रा न विचारता ओढून काढलात. राग आला होता मला, आता सांगते. तुम्ही तो आधी उलटा केलात, आतली शिवण पाहिलीत, मग सुलटा करून पायपिंगवरून अंगठा फिरवत गेलात, तेर्साचे, म्हणजे जपमाळेचे, मणी सरकवावेत तसा, थांबत थांबत.

"हें कोणें शिंवलां?"

मी म्हटलं, मीच. माझा हातच वाईट आहे.

"हात न्हय गो बाय, पांय चुकला."

मला वाटलं, हा माणूस माझ्या पायडल मारण्याला नावं ठेवतोय. तुम्ही बोलत होता मशीनच्या पायाबद्दल, सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या फूटबद्दल. मी पायपिंग शिवत होते झिपर फूटने, चेन लावायला असतो त्याने. हा फूट दोरीच्या एकाच बाजूला टेकतो. दोरी दुसऱ्या बाजूने मोकळी, त्यामुळे टीप कधी दोरीला चिकटून, कधी दोन मिलिमीटर लांबून. म्हणून माझं पायपिंग कुठे गच्च, कुठे ढिलं, आणि अभऱ्याला जोडल्यावर आतली पहिली टीप दात काढल्यासारखी बाहेर दिसायची. पायपिंगच्या फूटला पोटाखाली खाच असते, दोरी त्या खाचेतून रुळावरून गेल्यासारखी जाते. खाच दोरीच्या मापाची हवी. माझी दोरी ५ मिलिमीटरची, म्हणजे ३/१६ इंचाचा फूट. एवढी साधी गोष्ट. पण मी शिवण शिकले ब्लाउज आणि फ्रॉकवर, तिथे दोरीचं पायपिंग कुठे लागतं?

मग तुमची नजर सुयांच्या पाकिटाकडे गेली. ती गोष्ट लिहिताना अजून जीव जळतो. मे महिन्यात मी एक सेकंडहँड वॉकिंग फूट मशीन, जाड थर वरून-खालून सरकवणारं, घेतलं होतं, साठवलेले सगळे पैसे घालून. घरी आणल्यापासून त्यावर एक धड टाका बसला नव्हता. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकाचा मेळ, गेलं असेल, माणूस पाठवतो, त्याचे वेगळे पैसे पडतील. मशीन कोपऱ्यात चादरीखाली गेलं आणि मी जुन्या साध्या मशीनवर अभ्रे शिवत बसले. त्याच विकणाऱ्याने दिलेल्या सुया संपत आल्या होत्या, म्हणून तशाच आणखी घ्यायला मी दुकानात आले होते. तुम्ही पाकीट उलटून नंबर वाचलात. डीपी-५. त्या मशीनला लागते डीपी-१७. दोन्ही सुया तुम्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्यात. वरचा दांडा सारखाच जाड, त्यामुळे सुई मशीनमध्ये बसते छान. पण डीपी-५ लांबीला आखूड, तिचं भोक वरच राहतं. सुई तळाला जाऊन जेमतेम दोन मिलिमीटर वर उचलली की खालच्या हुकाने येऊन दोऱ्याचा फास पकडायचा असतो, आणि माझ्या मशीनमध्ये हुक वेळेवर येऊन रिकाम्या हाताने परत जात होता. दोन महिने! टायमिंगला काही झालं नव्हतं. दहा सुयांच्या एका पाकिटाने ते मशीन चालू झालं.

तुम्ही जन्मभर तारवटी, बोटीवर नोकरी करणारे. प्रवासी बोटीवर सोफे-खुर्च्या शिवायच्या खात्यात होता हे मला तिसऱ्या शुक्रवारी कळलं, तेही तुम्ही पायपिंगला सारखं "वेल्ट" म्हणत होता म्हणून मी विचारलं तेव्हा. आमच्या गल्लीत तुम्हाला सगळे "मेस्त" म्हणायला लागले. आमचा मिस्त्री आणि तुमचा मेस्त, दोघांचंही मूळ एकाच पोर्तुगीज शब्दात. पण मेस्त म्हटलं की त्यात थोडा मान जास्त असतो, निदान मला तरी तसं ऐकू येतं.

वॉकिंग फूट चालताना पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी टाके घालायचं सोडून नुसती बघत राहिले. साध्या मशीनमध्ये कापड पुढे ढकलतात ते फक्त खालचे दाते. पायपिंग लावताना चार पदर कापड आणि मधे दोरी. खालचा पदर दात्यांबरोबर पळतो, वरचा फूटखाली रेंगाळतो, आणि शेवटच्या कोपऱ्यावर वरचं कापड बोटभर उरतं. तेच मी ओढून ताणून बसवायचे, म्हणून चुण्या. वॉकिंग फूटला दोन पावलं. आतलं, सुई आणि खालचे दाते तिघं मिळून कापड पुढे नेतात, तेव्हा बाहेरचं उचललेलं असतं. मग बाहेरचं टेकून कापड दाबून धरतं, आणि आतलं उचलून पुढच्या टाक्यासाठी परत जागेवर येतं. चिखलातून चालणारा माणूस एक पाय रोवल्याशिवाय दुसरा काढत नाही, तसं. खाच मात्र दोन्ही पावलांना एकाच मापाची लागते, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी एकच बदलून बसले असते.

आता त्या १७ अभऱ्यांबद्दल. ४० पैकी १७ माझे शिवून झाले होते, इस्त्री करून घडी घातलेले. तुम्ही एकेक उलटा करून पाहिलात आणि म्हणालात, सगळे उसव. मी म्हटलं, दोन-तीन जरा बरे आहेत, ते ठेवूया. तुम्ही काही बोलला नाहीत. खिशातून चष्मा काढलात, माझी उसवायची सुरी घेतलीत आणि खिडकीपाशी बसून पहिला अभ्रा स्वतः उसवायला लागलात. दर चौथा टाका कापायचा, मग उलट्या बाजूचा दोरा ओढायचा, अख्खी टीप एका दमात निघते. त्या संध्याकाळी तुम्ही चार उसवलेत. दिवे गेले तेव्हा मी मेणबत्ती लावली, तरी उठला नाहीत. मला रडू येत होतं आणि रागही. तो राग तुमच्यावर होता की स्वतःवर, ते तेव्हा कळत नव्हतं. आभार मानायचे आहेत ते मुख्य या चार अभऱ्यांसाठी. नुसतं "उसव" सांगून गेला असतात तर मी उसवले नसते.

पट्ट्यांचं तुमचं गणित मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं आहे. मी कापड वाचवायला पट्ट्या सरळ कापत होते. सरळ पट्टी कोपऱ्यावर वळत नाही, मुडपते. उरेब कापली, ४५ अंशांत, की ती ताणते आणि वळण घेते. रुंदी किती? दोरीचा घेर अधिक दोन्ही बाजूंची शिवण. ५ मिलिमीटरच्या दोरीचा घेर जवळजवळ १६, शिवण १२ आणि १२, झाले ४० मिलिमीटर. मीटरभर चौकोन तिरका कापून, पुन्हा जोडून, एक पट्टी सरकवून त्याची नळी शिवायची आणि मग ती नळी कात्रीने गोल गोल कापत जायची. सुटी पट्टी एकही नाही, नारळाच्या किसासारखी एकच लांब पट्टी निघत राहते. एका चौरस मीटरातून हिशेबाने २५ मीटर, हातात थोडी कमी. एका अभऱ्याला जोडासकट १ मीटर ६८ सेंटिमीटर, ४० अभऱ्यांना ६७ मीटर. म्हणजे तीन मीटर कापडात काम झालं. मी सहा मीटर आणलं होतं! आणि कुणबी चौकडी उरेब कापल्यावर दोरीवर तिच्या तांबड्या शंकरपाळ्या झाल्या. ते काही आपण ठरवलेलं नव्हतं, पण होमस्टेच्या बाई आधी त्याच्यावरच बोट ठेवून खूश झाल्या.

बाकीच्या लहान गोष्टी भराभर लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. पायपिंग तयार करताना टीप दोरीपासून केसभर लांब, अभऱ्याला लावताना तिच्या आतून, म्हणजे पहिली टीप झाकली जाते. चौकोनाचे कोपरे सेंटिमीटरभर आत तासायचे, नाहीतर उशी भरल्यावर बैलाची शिंगं निघतात. वळणावर पायपिंगच्या शिवणीला तीन-चार कातरे, टीपेपर्यंत नेऊन थांबायचं. जोड कोपऱ्यावर घ्यायचा नाही, खालच्या बाजूला मधोमध घ्यायचा, दोरीची टोकं एकावर एक न चढवता समोरासमोर टेकवायची. सुती दोरी आधी गरम पाण्यातून काढून वाळवायची, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि अभ्रा आक्रसतो. बाल्कांवात पावसाची झड येते, तिथल्या उशांना सुती दोरी घालायचीच नाही, ती पाणी पिते आणि आत बुरशी धरते. तिथे पॉलिप्रॉपिलीनची. सुती दोरीची रिळं आता माझ्याकडे कपाटात बल्बच्या उबेला असतात, आजीच्या रेशमी साड्यांच्या शेजारी.

मोटारीचं तुमचं ऐकायला मी वेळ लावला. क्लच मोटार काम असो-नसो घुमतच राहते, आणि पायडल जरा दाबलं की मशीन उधळतं. कोपऱ्यावर हाताने चाक फिरवून मी काही महिने काढले. दिवाळीनंतर सर्वो मोटार बसवली, सुईची जागा ओळखणाऱ्या सेन्सरची. पाय काढला की गप्प, सुई कापडात खाली ठेवून थांबते. वळणावर कापड फिरवायला दोन्ही हात मोकळे. आता कळतं, तुम्ही पहिल्याच दिवशी का सांगत होता.

आणि ते नरसाळं. मोठ्या कारखान्यात पट्टी आपोआप दोरीभोवती गुंडाळणारा फोल्डर असतो. मी विकतचा बघत होते, तर तुम्ही बिस्किटांच्या डब्याचा पत्रा मागितलात. कातरलात, पेन्सिलीवर वाकवलात, धारा कानशीने मारल्यात, मशीनच्या पाटावर एका स्क्रूने बसवलात. पट्टी एका तोंडातून सपाट जाते, दोरी मधून, आणि फूटपाशी दोन्ही एकमेकांना मिठी मारून बाहेर येतात. पहिल्या दिवशी त्याने पट्टी तीनदा फाडली, तुम्ही तीनदा शिव्या दिल्यात, त्या मी इथे लिहीत नाही. चौथ्यांदा वीस मीटर पायपिंग सलग निघालं, मी हात न लावता. डब्यावरचं गुलाबाचं चित्र अजून त्या नरसाळ्याच्या पाठीवर अर्धं दिसतं.

४० अभ्रे चवथीच्या चार दिवस आधी पोचले. पैसेही मिळाले. तुमच्यासाठी पाकीट आणलं तर तुम्ही ते न घेता म्हणालात, मला नेवऱ्या (करंज्या) दे. दिल्या, पण नेवऱ्यांनी फिटणारं हे नव्हे, तुम्हीही जाणता.

नरसाळ्याचा स्क्रू सध्या ढिला होतोय, पुढच्या शुक्रवारी बाजाराला आलात की जरा बघून जा. तुमच्या आरामखुर्चीची उशी शिवून ठेवली आहे, निळ्या कॅनव्हासची, तांबडं पायपिंग. तुम्ही आधी उलटी करूनच बघणार हे ठाऊक आहे, म्हणून अजून भरलेली नाही, चेन उघडीच ठेवली आहे.

तुमची,
खोर्लीची बाय