‘फिरायला जा’ एवढ्याने भागत नाही

महोदय,

नैराश्यावर लिहिताना ‘फिरायला जा, छंद जोपासा, सकारात्मक विचार करा’ असे हमखास सांगितले जाते. तिसरा सल्ला तर सोडूनच द्यावा. पहिले दोन बरोबर आहेत, पण दात घासणेही ज्याला जड जाते त्याने ते अमलात कसे आणायचे?

नैराश्यात इच्छा होण्याची वाट पाहून चालत नाही. काम टळते, टळल्याची बोच लागते आणि उद्या तेच काम डोंगराएवढे दिसते. म्हणून आधी कृती, मग जमलीच तर इच्छा. त्यासाठी कामाचे तुकडे करावेत. ‘घर आवरायचे’ असे न ठरवता ‘खुर्चीवरचे कपडे उचलायचे’ एवढेच ठरवावे. फिरायला जाणे म्हणजे पहिल्या दिवशी चपला घालून दाराबाहेर पडणे. तिथून परतले तरी ते झाले. वेळ नेमकी ठरवावी, कारण ‘जमेल तेव्हा’ची वेळ कधी येत नाही. अनेकांना सकाळ सर्वांत जड जाते, त्यांनी अवघड काम दुपारनंतर ठेवावे. उठण्याची वेळ मात्र रोज एकच हवी, रात्री झोप झालेली नसली तरी.

वहीत एक ओळ लिहावी : काय केले, आधी किती बरे वाटत होते आणि नंतर किती, ० ते १० मध्ये. ‘कशानेच फरक पडत नाही’ असे मन ठासून सांगते, तेव्हा २ चे ३ झालेले कागदावर दिसते. घोळ बहुधा बऱ्या दिवशी होतो. साचलेली सगळी कामे उपसली जातात आणि पुढचे दोन दिवस माणूस अंथरुणात. बऱ्या दिवशीही अंगात थोडा जोर शिल्लक असतानाच थांबावे.

गोळ्यांचेही तसेच. गुण यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता मात्र आधी येते. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यातच गोळ्या सुटतात. त्यातून तरले, तर बरे वाटू लागताच बंद होतात. बरे वाटल्यानंतरही सहसा किमान ६ महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. एकदम थांबवल्या की चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखे होते, आणि लोक म्हणतात, ‘बघा, सवय लागली!’ सवय लागलेली नसते. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मात्रा हळूहळू उतरवायची असते.

घरच्यांनी ‘काही लागले तर सांग’ म्हणू नये. मागणेच तर जमत नसते. ‘पाच वाजता येतो, कोपऱ्यापर्यंत जाऊ’ म्हणावे. उपचाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः तरुणांवर, बारीक लक्ष ठेवावे. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आले तर एकटे सोडू नये, औषधांचा साठा हाताशी ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

– एक वाचक